बसायला दुसरं माणूस

बिशपांच्या कचेरीतून पत्र आलं त्यात दोन गोष्टी होत्या. ईस्टर झाला की आमचं देऊळ कायमचं बंद होणार, ही एक. आणि बंद होण्याआधी देवळाचा इतिहास लिहून पाठवावा, चार पानांत, ही दुसरी. चार पानांत! आमच्या इथल्या, जपानमधल्या उरायासुच्या बिल्डिंगमध्ये कचरा कसा वेगळा करायचा हे सांगणारी पुस्तिका तीस पानांची आहे, आणि चार पिढ्यांच्या उपासनेला चार पानं. माझं डोकं असं फिरलं की नवरा म्हणाला, आधी चहा घे, मग बिशपांना शिव्या दे.

काम माझ्याच गळ्यात पडलं, कारण सहा माणसांच्या मंडळीत लॅपटॉप चालवणारी मी एकटी. आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. चर्चला आम्ही देऊळ म्हणतो, पाद्रीसाहेबांना पाळक म्हणतो, आणि आमच्या गावचं देऊळ इंग्रज मिशनऱ्यांचं, अँग्लिकन. इथलंही तेच, फक्त लाकडी आणि चपला दाराशी काढून ठेवायच्या. मी इतिहास लिहिला, पाठवला, तो छापूनही आला. पण त्यात एक रविवार नाही. मी तो घातला होता आणि मीच काढला. चार पानांत बसत नव्हता, असं सगळ्यांना सांगितलं. ते खरं नाही. माझी लाज त्यात होती म्हणून काढला.

या देवळाचा एक नियम आहे. होता म्हणायला हवं आता. इथे उपासनेला कुणी एकटं बसायचं नाही. किमान दोन माणसं हवीत. दुसरं कुणी आलं नाही, तर आलेल्याने उठायचं, दार उघडायचं, रस्त्यावर जायचं आणि जो भेटेल त्याला विनंती करायची की, जरा आत येऊन बसता का. त्याचा विश्वास असो नसो, त्याला पुस्तकातलं एक अक्षर म्हणावं लागत नाही. नुसतं बसायचं. मग उपासना झाली की नोंदवहीत तारीख, वार, कुणी चालवली आणि हजर किती, एवढं लिहायचं.

हा नियम कुठून आला ते मला बाईंनी सांगितलं. बाई म्हणजे आमच्या मंडळीच्या कारभारीण. वय पंच्याऐंशीच्या पुढे, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना बाई म्हणायचे. त्यांनी सांगितलेलं असं. इथे पूर्वी समुद्र होता. आता जिथे अठरा मजली इमारती आहेत तिथे लोक शिंपले आणि खायचं शेवाळ काढायचे. इंग्लंडहून आलेल्या एक मिशनरी बाई महिन्यातून एकदा होडीने यायच्या. पहिली जी बाई ख्रिस्ती झाली ती शेवाळ काढणाऱ्याची विधवा. गावाने तिला वाळीत टाकलं, पाण्याला कुणी शिवू देईना. मिशनरी बाई एकदा वादळामुळे बरेच आठवडे आल्याच नाहीत, आणि आल्या तेव्हा कळलं की ही विधवा रविवारमागून रविवार त्या खोलीत एकटीच गुडघे टेकून बसत होती. मिशनरी बाईंना रडू फुटलं म्हणे. तिथल्या तिथे त्यांनी नियम केला. आणि त्या वहीच्या पहिल्या पानापासून हजेरीच्या रकान्यात दोनच्या खाली आकडा नाही.

लढाईच्या वर्षांतसुद्धा नाही. मिशनरी गेले, पाळकांना सैन्यात नेलं, आणि बाईंची आई रविवारी सकाळी विमानहल्ल्याची पाळत ठेवणाऱ्या माणसाला दम भरून आत बसवायची. तो पाठ करून बसायचा, पण बसायचा. मोजला त्याला. पुढे समुद्र भरला, जमीन आली, घरं आली, एक काळ असा होता की लोक व्हरांड्यात बसायचे. मग मुलं शहरात गेली, म्हातारे गेले, आणि वहीतले आकडे परत खाली खाली आले. पाळक महिन्यातून एकदा फिरतीवर यायला लागले, बाकीचे रविवार बाई प्रातःप्रार्थना चालवायच्या.

बाईंनी दुसरं माणूस म्हणून काय काय आणून बसवलंय! न्हावी. टाटामी चटया दुरुस्त करणारा. एकदा तर अग्निशामक नळकांडी तपासायला आलेला माणूस, त्याने टोपी मांडीवर ठेवून अख्खी उपासना ऐकली आणि जाताना नळकांडं बदलायला झालंय म्हणून सांगितलं. इथे धर्माचं बोलायला कुणी दारात आलं की लोक कडी लावून घेतात. पण बाईंना कुणी नाही म्हणायचं नाही. छोटीशी मूर्ती, करडा कोट, कमरेत लवून म्हणायच्या, 'चाळीस मिनिटं माझ्याजवळ बसता का?'

मलाही त्यांनी असंच उचललं. गेल्या दहा वर्षांतली ती सगळ्यात वाईट वेळ. नवरा इथे संशोधनाला आला आणि त्याच्यामागून मी, लेक चार वर्षांची. पुण्यात मी नोकरी करत होते, चार माणसांत माझ्या शब्दाला किंमत होती. इथे मी कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या कोपऱ्यावरच्या दुकानात, दूध आणायला गेले तरी तो दुकानातला पोरगा काय विचारतोय ते कळेना. जवळच निशी-कसाईला आपली भारतातली पुष्कळ मंडळी आहेत, गेले मी तिथे दोनचार वेळा, पण सगळ्याजणी कशा सुखात असल्यासारख्या बोलायच्या. मी काय सांगणार, की मी दुपारी बाथरूममध्ये नळ सोडून रडते? त्या रविवारी मी नवऱ्याशी भांडून घराबाहेर पडले होते आणि बसस्टॉपवर उभी होते. बस कुठे जाते तेही मला माहीत नव्हतं. समोरच्या लाकडी घरातून बाई बाहेर आल्या, वाकल्या, काहीतरी म्हणाल्या. मला वाटलं आत कुणाला चक्कर आलीय. धावत गेले. तर आत बाकं, वेदी, दोन मेणबत्त्या. बाईंनी सुरुवात केली आणि मला एक शब्द कळत नसताना कळलं, की ही तर आमची प्रातःप्रार्थना! कुठे उभं राहायचं, कुठे गुडघे टेकायचे, कुठे आमेन म्हणायचं, सगळं माझ्या अंगाला ठाऊक. मी हमसून हमसून रडले. बाईंनी न थांबता रुमाल सरकवला. शेवटी त्यांनी वहीत दोन आडव्या रेघा ओढल्या. जपानीत दोन असं लिहितात. त्यातली एक रेघ मी होते.

म्हणून सांगते, बाईंसाठी मी काहीही केलं असतं.

देऊळ बंद झालं त्या वर्षीच्या जानेवारीत बाई घरात पडल्या. खुबा मोडला, ऑपरेशन झालं, मग छातीत कफ. त्यांचा मुलगा ओसाकाला, येऊन सह्या करून गेला. इस्पितळात दुपारी दोन ते चार, पंधरा मिनिटं भेटू देत. मला तोवर नोकरी लागली होती, त्या तोयोसुच्या ऑफिसातून मी लवकर निघून जायचे. तेव्हा ते बिशपांचं पत्र आलेलंच होतं. बाईंनी ते वाचून घडी घातली आणि माझं मनगट धरलं. त्या कधी कुणाला हात लावायच्या नाहीत.

'बंद करतात तर करोत,' त्या म्हणाल्या. जपानीतलं मी मराठीत सांगतेय. 'पण ईस्टरपर्यंत एकही रविवार एकट्या माणसावर जाऊ देऊ नका. एवढं करा.'

मी म्हटलं, करते. हात जोडून म्हटलं. किल्ली आणि नोंदवही माझ्याकडे आली.

चार रविवार नीट गेले. मंडळी म्हणजे बाई आणि मी सोडून एक म्हातारं जोडपं, ते नदीपलीकडून ट्रेनने येतात; एक नर्सबाई, ड्यूटी नसली तर; आणि एक आजोबा, वृद्धाश्रमातून कुणी आणलं तर. कधी तीन, कधी चार. पाचव्या रविवारी वारा सुटला.

इथे हिवाळा सरताना एकदा असा वारा येतो की सायकली आडव्या होतात. सकाळी आठलाच फोन आला, जोडप्याचा. पुलावर वारा जोरात असला की त्यांची ट्रेन, तोझाई लाइन, बंद ठेवतात, आज बंद. नर्सबाईंना ड्यूटी. वृद्धाश्रमाने सांगितलं, आज कुणालाही बाहेर सोडणार नाही. नवरा त्सुकुबाला प्रयोगावर, तो आदल्या दिवसापासून तिथेच. उरली लेक. ती चौदाची, तिची व्हॉलीबॉलची प्रॅक्टिस वाऱ्यामुळे रद्द, पांघरुणात. मी म्हटलं, 'चल गं माझ्याबरोबर, आज माझी नड आहे.' पांघरुणातून उत्तर आलं, 'मुरी.' म्हणजे जमणार नाही. आमच्या घरात दिवसातून वीसदा ऐकायला मिळणारा शब्द. मी दारात उशीर करत वाट पाहिली आणि मग बस जाईल म्हणून निघाले. माझा तोरा असा, की बाईंना जमतं तर मला का नाही जमणार? रस्त्यावर एक माणूस मिळणार नाही का?

सव्वानऊला देवळात पोचले, उपासना दहाची. छपराचे पत्रे वाजत होते. मेणबत्त्या लावल्या आणि दार उघडून बाहेर आले.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दहा मिनिटांनी एक बाई कुत्रा घेऊन आली. मी वाकले, बाईंसारखंच म्हटलं, चाळीस मिनिटं माझ्याजवळ बसता का? तिने माझ्याकडे पाहिलं, मागे देवळाकडे पाहिलं आणि कुत्र्याला अक्षरशः उचलून पळाली. मग एक टॅक्सी थांबली होती, ड्रायव्हरने काच खाली न करताच हाताने नाही म्हटलं. मी कोंबिनीत गेले. काउंटरवर नेपाळी मुलगी, शिकता शिकता काम करणारी. माझी सगळी कथा तिने हिंदीत ऐकून घेतली, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाली, 'दीदी, दुकान सोडून कशी येऊ? मी एकटीच आहे इथे.'

पावणेदहा. कोपऱ्यावर कपडे धुवायच्या मशिनांचं दुकान आहे. आत एक गृहस्थ, साठीचे, मशिनसमोर खुर्चीवर. नुसते बसलेले! मला वाटलं, देवच पावला. बसायचंच तर आहे, इथे बसण्याऐवजी तिथे बसा. मी वाकले. ते ताडकन उठले, वाकले. मी पुन्हा सांगितलं. ते 'जरा... जरा...' असं पुटपुटत मागे सरकायला लागले. आणि मग, मी खोटं सांगत नाही, मी त्यांच्या बाहीला हात लावला. म्हटलं, मी पाया पडते तुमच्या, काही विकत नाही मी, कुठे नाव लिहायचं नाही, फक्त बसा. त्यांनी चालू मशिन थांबवलं, ओले गळणारे कपडे पिशवीत कोंबले आणि गेले. मागे जमिनीवर पाण्याची रांग. मी तिथे उभी राहिले. माझ्या उभ्या आयुष्यात माझी इतकी शोभा झाली नव्हती. बाई आणि मी यांत फरक काय तो मला त्या दुकानाच्या काचेत स्वच्छ दिसत होता: काळीसावळी, केस विस्कटलेले, डोळे फाटलेले, परदेशी.

मग मी लेकीला फोन केला. घंटी वाजत राहिली, तिसऱ्यांदा उचलला. मी म्हटलं, टॅक्सी कर, पैसे मी देते, वीस मिनिटांत ये. ती म्हणाली, 'आई, मी म्हटलं ना नाही.' मी ओरडले. रस्त्यात, वाऱ्यात, मराठीत. म्हटलं, कार्टे, आईसाठी चाळीस मिनिटं निघत नाहीत तुझी? नऊ महिने काढले मी तुझ्यासाठी! ती जपानीत बोलायला लागली, ती चिडली की जपानीत शिरते. म्हणाली, 'माझा विश्वास नाही त्याच्यावर. मग मी तिथे बसले तर ते खोटं नाही का?' मी म्हटलं, खोट्याचं तू मला शिकवू नकोस. आणि फोन ठेवला.

दहा वाजले, सव्वादहा झाले, साडेदहा झाले. मी दारात उभी. शेवटी आत गेले, दार लावलं आणि एकटीने सुरुवात केली. दोघांनी आळीपाळीने म्हणायच्या ओळी असतात, एकाने म्हणायची, मग बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. मी दोन्ही म्हटल्या. पुढच्या बाकावर बघत एक, खाली बघत दुसरी. इतका एकटेपणा मला त्या बाथरूममध्येसुद्धा वाटला नव्हता. देवा, मी म्हटलं, तू तरी आहेस का इथे, की तुझीही ट्रेन बंद आहे? आता हसू येतं, तेव्हा मी रागाने म्हटलं होतं.

मग वही उघडली. तारीख, वार, चालवणाऱ्याचं नाव. आणि हजेरीच्या रकान्यात मी एक आडवी रेघ ओढली. मागची पानं चाळली. त्या विधवेपासून, विमानांच्या दिवसांपासून, न्हाव्यापर्यंत. सगळीकडे दोन, तीन, पन्नास, नऊ, दोन. आणि आता माझ्या हातून हे. चार पिढ्यांनी सांभाळलं आणि नगरच्या पोरीने बुडवलं. मी वर अजून एक रेघ ओढली. केवढीशी रेघ ती.

मंगळवारी इस्पितळात गेले. बाईंचा पहिलाच प्रश्न, 'परवा वारा होता. दुसरं कोण होतं?'

मी तयारी करून गेले नव्हते. तोंडातून निघून गेलं, 'माझी मुलगी.'

बाईंचा चेहरा असा उजळला! त्यांना माहीत होतं की ती कधी येत नाही. पडल्यापडल्या त्या टाळी वाजवायला गेल्या आणि सलाईनची नळी ओढली गेली. म्हणाल्या, तिला घेऊन या, मला आभार मानायचेत. मी हो म्हटलं. कप्पाळ माझं! एक खोटं लपवायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. पुढच्या भेटीत मी सांगितलं तिची परीक्षा आहे. त्यापुढच्या भेटीत तिला सर्दी झाली. बाई प्रत्येक वेळी विचारायच्या आणि प्रत्येक वेळी त्यांचा आवाज जरा आणखी बारीक झालेला असायचा. शेवटी तिथल्या नर्सने मला बाजूला घेऊन सांगितलं, त्यांना कुणाला भेटायचं असेल तर आता आणा.

लेकीला मी सगळं सांगितलं. म्हटलं, तुला काही बोलायचं नाही, फक्त वाकायचं. त्या आभार मानतील, तू 'हो' म्हण. एक अक्षर. मरणाऱ्या माणसासाठी. ती नखं कुरतडत म्हणाली, येते. मला वाटलं, सुटले.

खोलीत बाईंनी पलंग वर करून घेतला होता. लेक वाकली. बाईही वाकल्या, पलंगात जेवढं वाकता येतं तेवढं, आणि म्हणाल्या, 'त्या दिवशी आईजवळ बसलात. फार मोठं काम केलंत.'

लेकीने तोंड उघडलं. मी तिच्याकडे डोळे वटारून पाहत होते. आणि ती भडाभडा बोलली, जपानीतच, 'मी नव्हते. मी घरी झोपले होते. आईने दोनदा बोलावलं, मी नाही म्हटलं.' आणि तोंड झाकून रडायला लागली.

जमीन दुभंगावी असं आपण म्हणतो ना, ते मला त्या दिवशी कळलं. मला वाटलं आता बाई मला किल्ली ठेवून जा म्हणतील. त्यांनी वही मागितली. ती माझ्या पिशवीत होतीच, इतिहास लिहायला मी बरोबर बाळगत होते. पान काढायला त्यांना वेळ लागला. मग पेन घेतलं आणि माझ्या त्या दोन रेघांवरून उभ्या दोन रेघा मारून त्या खोडल्या, बाजूला एकच रेघ काढली. नर्सला ड्रॉवरमधून शिक्का काढायला लावला आणि दुरुस्तीवर नीट दाबून उमटवला. इथे खोडलेल्यावर शिक्का मारतात, म्हणजे कुणी खोडलं ते कळतं. शिक्का तिरका उमटला.

मी म्हटलं, 'बाई, माफ करा. मी तुमची वही बुडवली.'

त्यांनी वही मिटली. मग मला जे विचारलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणाल्या, 'तुम्ही मला फोन का नाही केलात?'

त्यांनी उशाकडे हात केला.

'फोन माझ्या उशाशी होता. मी दुसरी झाले असते. पडून म्हटलं असतं. दहा वाजता मीही इथे एकटीच होते.'

सुचलं नाही हो मला! कुत्रेवाली सुचली, ओल्या कपड्यांचा माणूस सुचला, बाई नाही सुचल्या. मला रकान्यात घालायला माणूस हवं होतं आणि बाई तर इस्पितळात, त्या मोजण्यात कशा येतील? लेक रडत होती, मी रडत होते, आणि बाई मात्र लेकीच्या हातावर थोपटत म्हणत होत्या, खरं बोललात, बरं केलंत. जाताना त्या मला म्हणाल्या, 'पुढच्या रविवारी फोन करा.' मी म्हटलं, करते. हेही मी हात जोडूनच म्हटलं होतं.

पुढचा रविवार कसा उजाडला सांगू? ऊन पडलेलं, वारा नाही. मी चपला घालत होते आणि पाहते तर लेक शाळेच्या गणवेशात दारात उभी. म्हणाली, बसते. विश्वास नाही, पण बसते. मी पटकन दार लावून घेतलं, काही बोलले असते तर ती परत फिरली असती. बसमध्ये मला सारखं रडू येत होतं आणि मी खिडकीबाहेर बघत होते. देवळात पोचलो तर जोडपं आधीच आलेलं, बाहेर झाडत होतं. नर्सबाई रात्रपाळी करून तशाच आल्या होत्या. पाच जणं! दहाला सुरुवात केली. आळीपाळीच्या ओळींना मागून चार आवाजांनी उत्तर आलं. लेकीला एक ओळ सापडेना तर जोडप्यातल्या आजींनी तिच्या पुस्तकावर बोट ठेवून दाखवलं. मी वहीत पाच लिहिलं, ठळक, झोकात. मग जोडप्याने डब्यातून भाताचे गोळे आणले होते ते आम्ही व्हरांड्यात बसून खाल्ले. लेकीने तीन खाल्ले. फार दिवसांनी मी पोटभर हसले.

सोमवारी दुपारी मी ऑफिसातून थेट इस्पितळात गेले. बाईंना कधी एकदा सांगते असं झालं होतं. पलंगावर नवी चादर होती. बाई पहाटेच गेल्या होत्या. फोन ओसाकाच्या मुलाला केला होता, आम्हाला कळवायचं कुणाला सुचलं नाही.

तीच नर्स होती. मला ओळखून ती बाहेर आली, वाकली. म्हणाली, काल सकाळी त्यांनी लवकर उठून केस विंचरून घेतले. दहाच्या आधी पलंग वर करून घेतला आणि पुस्तक मांडीवर ठेवलं. फोन येणार आहे म्हणाल्या. जेवणाची ताटं आली तरी फोन हातातच धरून बसल्या होत्या. मीच मग काढून घेतला, नर्स म्हणाली.

मी फोन केला नव्हता. आम्ही पाच जण होतो, दुसऱ्या माणसाची गरज नव्हती.